ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून तेल नेमके कुठून गळते ते कसे शोधावे? (२००४ ची गाडी, उभी असतानाच गळते)

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची, पुढच्या चाकांवर चालणारी, चार गिअरची ऑटोमॅटिक पेट्रोल सेदान आहे. वडिलांचा डावा गुडघा कामातून गेल्यामुळे क्लचचे पेडल नसलेली गाडी हवी होती, म्हणून ती आम्ही जुनीच विकत घेतली. आज तिचे १,१८,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या पावसाळ्यापासून पार्किंगच्या फरशीवर, डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला, तांबूस तेलाचा डाग पडू लागला आहे.

मला बुचकळ्यात पाडणारी गोष्ट अशी, की गाडी रोज वापरात असली तर सकाळी दोन-चार थेंबांपलीकडे काही दिसत नाही, पण आम्ही गावाला गेलो आणि ती पाच-सहा दिवस जागची हलली नाही, तर परत आल्यावर बशीएवढे थारोळे साचलेले असते. पहिल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन दोन मिनिटांत सांगण्यात आले, की पुढचे सील गेले आहे, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल आणि ३५ ते ४० हजार खर्च येईल. दुसऱ्या ठिकाणी चेंबरचे (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचे) पॅकिंग बदलून, वर सिलिकॉन लावून, नवे तेल भरून दिले. महिनाभरात डाग पुन्हा दिसू लागला आणि आता तो पूर्वीपेक्षा मोठा असतो. शिवाय बरेच दिवस उभी राहिल्यानंतर पहिल्यांदा डी (ड्राइव्ह) मध्ये टाकली, की गाडी दोन-तीन सेकंद थांबते आणि मग निघते. त्यानंतर दिवसभर तक्रार नसते.

तिसऱ्या गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी गळतीचे उगमस्थान मला स्वतःला समजून घ्यायचे आहे. साधा जॅक, दोन लोखंडी स्टँड आणि पान्यांचा संच माझ्याकडे आहे. सुरुवात कुठून करावी?

मोजपट्टी (ठाणे)

सुरुवात गाडीखाली जाण्यापासून करू नका. जे सांडते आहे ते गिअरबॉक्सचेच तेल आहे, हे आधी ठरवा. ऑटोमॅटिकच्या तेलात लाल रंग मिसळतात तो मुळात एवढ्यासाठीच, की गळती झाली तर ती इंजिन ऑइलपासून वेगळी ओळखता यावी. अडचण अशी, की त्या काळातील बऱ्याच गाड्यांच्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच लाल तेल असते आणि काही कूलंटही लाल किंवा गुलाबी असतात. कूलंट ओळखणे सोपे आहे, कारण ते पाण्यात विरघळते आणि तेल पाण्यावर तरंगते. पॉवर स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र रंगावर विसंबून चालत नाही. त्याच्या डबीवर आजच्या पातळीला चिकटपट्टीची खूण करा आणि दोन आठवडे पाहा. पातळी हलली नाही, तर तो संशयित सुटला.

रात्री गाडीखाली पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा पसरा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवा. फरशीवर तेल पसरते, त्यामुळे डाग आहे त्यापेक्षा मोठा दिसतो आणि त्याची जागाही सरकते. पुठ्ठ्यावर थेंब पडतो तिथेच राहतो.

आता पातळी. ही तपासताना होणारी चूक मी इतक्यांदा पाहिली आहे, की ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑटोमॅटिकची डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) इंजिनच्या डिपस्टिकसारखी, सकाळी गार गाडीत ओढून पाहायची नसते. टोयोटाच्या बहुतेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये तेल ७० ते ८० अंश सेल्सिअस तापलेले असताना, सपाट जागेवर, इंजिन आयडलवर चालू ठेवून, गिअरची दांडी (लिव्हर) सर्व खाचांतून एकदा फिरवून पी (पार्क) मध्ये आणून मग पाहायचे असते. होंडाच्या त्याच काळातील अनेक गाड्यांत मात्र इंजिन पूर्ण तापल्यावर ते बंद करायचे आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत पाहायचे असते. तुमच्या गाडीची पुस्तिका काय सांगते ते बघा आणि तेच करा. चुकीच्या पद्धतीने घेतलेले माप हे न घेतलेल्या मापाहून वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून आपण तेल ओतत बसतो.

जुना_फिटर (कोल्हापूर)

मी ३८ वर्षे गॅरेज चालवले, आता मुलगा चालवतो. गोदाकाठ, तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, पण दोन्ही गॅरेजवाल्यांनी तुम्हाला ते विचारलेले दिसत नाही. गळती कुठे दिसते याइतकेच ती केव्हा होते हेही महत्त्वाचे असते, आणि तुमची गळती गाडी उभी असताना होते.

त्यामागचे कारण असे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा, मोठ्या पातेल्याएवढा बंद डबा असतो. इंजिन चालू असताना पंप त्यात तेल भरून ठेवतो, त्यामुळे खाली चेंबरमधली पातळी कमी असते. इंजिन बंद केले की पंप थांबतो आणि कन्व्हर्टरमधील काही तेल हळूहळू, तासांच्या, कधी दिवसांच्या हिशेबाने, परत खाली उतरते. चेंबरमधली पातळी चढत जाते आणि एरवी कोरडी राहणारी सिले, ओ-रिंगा आणि वायरिंगचे सॉकेट तेलात बुडतात. त्यांतले एखादे कडक झालेले असेल, तर ते तेव्हाच पाझरते. इंजिन सुरू केले, की पातळी पुन्हा उतरते आणि गळती थांबते. तुमच्या गाडीचे पहिल्यांदा डी मध्ये दोन-तीन सेकंद अडखळणेही याच गोष्टीशी जुळते. कन्व्हर्टर काहीसा रिकामा झालेला असतो आणि तो भरेपर्यंत गाडी ओढत नाही.

याउलट पुढचे सील, म्हणजे पंपाचे सील, गेलेले असले, तर बहुतेक वेळा गाडी चालू असतानाही तेल जाते. घाट चढून आल्यावर, तेल पातळ आणि गरम झालेले असताना ते जास्त जाते, आणि इंजिन व गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचाच्या तळाशी थेंब लोंबतो. तिथेही घाई करू नये. त्याच ठिकाणी इंजिनचे मागचे क्रँक सील गळते आणि वरच्या टॅपेट कव्हरमधून निघालेले इंजिन ऑइलही इंजिनच्या पाठीवरून ओघळत तिथेच येते. तिथला थेंब काळपट-तपकिरी असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याचा विषयच संपतो. मी स्वतः तरुणपणी एका गाडीचा गिअरबॉक्स उतरवून, नवे सील घालून, परत चढवला आणि तेल टॅपेट कव्हरचे निघाले. त्या गिऱ्हाइकाकडून मजुरी घेतली नाही, पण दोन दिवस गेले ते गेलेच.

डाव्या बाजूचा डाग म्हणताय, तेव्हा माझे तीन संशयित आहेत. पहिले एक्सलचे सील, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथले. ते गळत असेल, तर शाफ्टच्या आतल्या कपाभोवती आणि त्यासमोरच्या कवचावर तेलाचे वर्तुळाकार शिंतोडे दिसतात, कारण फिरणारा शाफ्ट तेल भिरकावतो. दुसरे लिव्हरच्या शाफ्टचे सील. आपण आतून गिअरची दांडी हलवतो, ती केबलने गिअरबॉक्सच्या अंगावरचा एक छोटा शाफ्ट फिरवते, त्याच्या मुळाशी रुपयाच्या नाण्याहून लहान सील असते. तिसरे वायरिंगचे सॉकेट, ज्याची ओ-रिंग वीस वर्षांत दगड होते. या तिन्ही जागांचे तेल कवचावरून ओघळून शेवटी चेंबरच्या काठावर येते आणि काठाच्या सर्वांत खालच्या बोल्टवरून टपकते. खालून पाहणाऱ्याला वाटते, पॅकिंग गेले. म्हणून ओल जिथे संपते तिथे पाहू नका, जिथे सुरू होते तिथे पाहा.

आता करायचे काय? गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढून उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकेसुद्धा घालू नका. इंजिन गार असताना गिअरबॉक्सचे अंग डिग्रीजर आणि ब्रशने वरपासून खालपर्यंत धुऊन, पुसून, कोरडे करा. सॉकेट आणि सेन्सर यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. मग साधी टाल्कम पावडर कापडी पुरचुंडीतून सगळीकडे झटकून पातळ थर बसवा. गाडी खाली घ्या, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि लगेच पाहा. पावडर कोरडी असेल, तर चालू गाडीतली गळती नाही. मग ती तशीच उभी ठेवा आणि रोज सकाळी बॅटरीच्या प्रकाशात पाहत जा. पावडरीवर तेलाचा ओघळ लाल रेघेसारखा उमटतो, आणि त्या रेघेचे वरचे टोक हेच तुमचे उत्तर.

तोवर चेंबरचे बोल्ट आवळू नका. ते बोल्ट लहान असतात आणि बहुतेक गाड्यांत ते आवळण्याच्या जोराचे माप दहा न्यूटन-मीटरच्या आसपासच असते. गळते म्हणून जोर लावला, की पत्र्याचा काठ बोल्टपाशी आत दबतो, दोन बोल्टांच्या मधे फुगतो आणि जिथे गळत नव्हते तिथेही गळू लागते.

हर्णै (रत्नागिरी)

माझा छोटा अनुभव जोडतो, कारण तो वरच्या तिन्ही संशयितांत बसत नाही. माझ्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये एकाच महिन्यात दोन्ही एक्सलची सिले गळू लागली. दोन्ही बदलली आणि पंधरा दिवसांत दोन्ही पुन्हा ओली झाली. कारण निघाले ते गिअरबॉक्सच्या माथ्यावरच्या हवेच्या छिद्राचे. ते पावसाळ्यात चिखलाने बुजले होते. तेल तापले, की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती सिलांच्या ओठांतून तेल ढकलते. छिद्राची टोपी साफ केली आणि गळती थांबली.

आमच्याकडे रस्त्यावर पाणी चढते, म्हणून आणखी एक सांगतो. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडाला, तर आतली हवा आक्रसते आणि त्याच छिद्रातून पाणी आत खेचले जाऊ शकते. डिपस्टिकवर तेल पीयूषासारखे गुलाबी-पांढरे दिसले, तर गळतीचा शोध बाजूला ठेवा आणि गाडी चालवणे थांबवा.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगितलेले सर्व क्रमाने केले.

पॉवर स्टिअरिंगची पातळी जागची हलली नाही. गिअरबॉक्सची पातळी पुस्तिकेप्रमाणे, गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून पाहिली, तर ती वरच्या खुणेपेक्षा जवळजवळ बोटभर वर निघाली. म्हणजे इतकी गळती होऊनही तेल जास्तच होते. दुसऱ्या गॅरेजला फोन करून विचारले, तेव्हा कळले, की किती तेल निघाले ते मोजलेच नव्हते, ‘चार लिटरचा कॅन पूर्ण ओतला’ एवढेच त्यांना आठवत होते. सहा दिवस उभी ठेवून इंजिन सुरू न करता डिपस्टिक पाहिली, तेव्हा तर तेल खुणांच्या कितीतरी वर चढलेले होते.

हवेचे छिद्र मोकळे आहे. धुऊन, पावडर मारून पंधरा किलोमीटर फिरवल्यावर सर्व कोरडे होते. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या सकाळी लिव्हरच्या शाफ्टच्या मुळाशी, त्यावर बसवलेल्या स्विचच्या खालून एक बारीक लाल रेघ निघालेली दिसली. ती कवचावरून तिरपी उतरून चेंबरच्या काठाला मिळते. एक्सलचे सील आणि सॉकेट कोरडे आहेत. नव्या पॅकिंगचीही वरची कड एवढी एक जागा सोडली, तर कोरडी आहे. त्यावर उगाचच शंका घेतली असे आता वाटते.

जास्तीचे तेल डिपस्टिकच्या नळीतून बारीक नळी आणि मोठी सिरिंज वापरून काढले. साधारण ४०० मिलीलिटर निघाल्यावर पातळी खुणेवर आली. त्यानंतर सहा दिवसांचा डाग बशीवरून रुपयाएवढा झाला, पण थांबला नाही. एका ओळखीच्या व्यक्तीने गळती थांबवणारे रसायन ओतण्याचा सल्ला दिला आहे. ते वापरावे का?

पाचसरोवरे (मिशिगन)

मी इकडे वाहनांच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून या रसायनाबद्दल लिहितो. अशा बहुतेक रसायनांचे काम एकच असते: रबर मऊ करून फुगवणे. उष्णतेने आकसून कडक झालेले सील त्यामुळे काही काळ पुन्हा शाफ्टला घट्ट धरते. पण ते रसायन फक्त दोषी सिलापुरते काम करत नाही. गिअरबॉक्सच्या आत क्लच दाबणाऱ्या पिस्टनांवरही रबराची सिले आहेत, जी कदाचित उत्तम स्थितीत असतील, आणि तीही त्याच तेलात बुडालेली असतात. चारशे-पाचशे रुपयांच्या बाहेरच्या सिलासाठी आतल्या सर्व रबरावर प्रयोग करण्यात अर्थ नाही. ज्या गाडीचे सील गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय बदलता येत नाही आणि जी पुढच्या वर्षी भंगारात जाणार आहे, तिच्यासाठी मी हा उपाय समजू शकतो.

तेलाच्या बाबतीतही ‘लाल ते सगळे सारखे’ असे समजू नका. तेलातील घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये क्लचची पकड ठरवतात आणि प्रत्येक गिअरबॉक्स विशिष्ट द्रव्यांसाठी बनलेला असतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेलचे तेल वापरत असत. त्यावर बंदी आल्यावर तेवढ्या तोडीचा पर्याय तयार करताना तेल बनवणाऱ्यांची बरीच दमछाक झाली होती. तेव्हा पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घ्या.

जुना_फिटर यांच्या यादीत मी एक जागा वाढवीन, ती म्हणजे कूलरच्या नळ्या, म्हणजे गिअरबॉक्सचे तेल थंड करायला रेडिएटरकडे नेणाऱ्या नळ्या. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्यामुळे पोलादी नळ्या आतून नव्हे, बाहेरून गंजून पाझरतात. नाशिकला मीठ नाही, पण नळी आणि रेडिएटर यांमधले रबरी तुकडे वीस वर्षांत भेगाळतातच. तिथली गळती दाबाखाली होते, म्हणजे इंजिन चालू असताना, आणि ती काही मिनिटांत गिअरबॉक्स रिकामा करू शकते. लिव्हर सिलाचा थेंब वर्षभर सोसता येतो, पण कूलरच्या नळीची ओल एक दिवसही सोसू नये. गरम एक्झॉस्टवर तेल पडले तर आगीचा धोका वेगळाच.

पावडरीने रेघ सापडली नसती, तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि अतिनील बॅटरी वापरायला सांगितले असते. ती पद्धत अधिक अचूक आहे, पण जुन्या गळतीचे डाग धुतले नसतील, तर तीही फसवते.

जुना_फिटर (कोल्हापूर)

रसायनाबद्दल सहमत. लिव्हरचे सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. केबल सोडवा, शाफ्टवरचा हात काढा आणि मग स्विच काढण्यापूर्वी त्याच्या व कवचाच्या अंगावर एकच सरळ रेघ कोरून घ्या. हा स्विच तुम्ही कोणत्या खाचेत आहात ते गाडीला सांगतो. तो रेसभर फिरून बसला, तर पी मध्ये इंजिन सुरू होत नाही किंवा रिव्हर्सचा दिवा लागत नाही, आणि मग माणूस इलेक्ट्रिशियनकडे धावतो.

जुने सील काढताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नका. त्यावर ओरखडा पडला, तर नवे सीलही गळेल. नवे सील घालण्यापूर्वी शाफ्टच्या आट्यांवर आणि धारदार कडांवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या, सिलाच्या ओठाला गाडीचेच तेल लावा आणि पान्यांच्या संचातील योग्य मापाच्या सॉकेटने हलके ठोकून सरळ बसवा. आधी लिटरभर तेल मोजून काढा आणि तेवढेच मोजून परत घाला. काढलेले तेल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

गोदाकाठ (नाशिक)

काम झाले. सील ४२० रुपयांना मिळाले, आणि ते बसवायला ओळखीच्या एका मेकॅनिकने माझ्यासमोर अडीच तास घेतले. स्विचवरची रेघ जुळवून बसवली, रिव्हर्सचा दिवा लागतो. त्यानंतर गाडी आठ दिवस उभी होती आणि पुठ्ठा कोरडा राहिला. मात्र पहिल्यांदा डी मध्ये टाकताना होणारा दोन-तीन सेकंदांचा थांबा तसाच आहे. त्याची काळजी करावी का?

जुना_फिटर (कोल्हापूर)

सिलाने तेल बाहेर जाणे थांबते, कन्व्हर्टरमधून खाली उतरणे थांबत नाही, म्हणून तो थांबा तसाच राहिला. बरेच दिवसांनी गाडी काढाल तेव्हा हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, इंजिन न्यूट्रलमध्ये अर्धा मिनिट आयडलवर चालू द्या आणि मगच डी मध्ये टाका. तेवढ्यात कन्व्हर्टर भरतो. डी मध्ये अडखळत असताना अॅक्सिलरेटर मात्र दाबू नका, कारण पकड अचानक बसते तेव्हा क्लचच्या चकत्यांना झटका बसतो.

तोच थांबा रोज, तापलेल्या गाडीत, सिग्नलवर जाणवू लागला, तर ते कारण वेगळे. तेव्हा आधी गरम तेलाची पातळी पाहा, मग तेलाचा वास घ्या. जळका वास आला, तर तेलाचा रंग आणि चेंबरच्या तळाशी साचलेला गाळ यांचे फोटो इथे टाका.